अब्बांची डिस्क

खाला आल्या तेव्हा आम्ही अब्बांचे कपाट आवरत होतो. त्या दाराशीच टेकल्या, पाणी प्यायल्या आणि जरा वेळाने म्हणाल्या, "मास्तरांकडे माझी अमानत होती. लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली. लग्न साधेपणानं झालं, पैसे राहिले ते राहिलेच. मागायला जीव होत नाही, पण आता गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय."

"किती होते, खाला?"

"अठरा हजार असतील. की वीस? मी कुठं लिहून ठेवलंय? लिहायचे ते मास्तर."

अब्बांचा इंतेकाल होऊन तेव्हा चार महिने झाले होते. जन्मभर शाळेत गणित शिकवले. मोहल्ल्यातल्या बायका शिलाईचे, पापडाचे, सुक्या मासळीचे सुटलेले पैसे त्यांच्याकडे आणून ठेवत. बँकेत जायचा संकोच, आणि घरात ठेवले तर टिकत नसत. अब्बा एका लांब वहीत प्रत्येकीचे पान करून लिहीत. ती वही कपाटात सापडली. पण ऑगस्ट 2005 च्या नोंदीखाली त्यांच्या रेखीव अक्षरात एकच ओळ होती : पुढील हिशोब संगणकात.

वाटणीआधी काय करायचे ते आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असते. कफन-दफनाचा खर्च, मग मय्यतीवरचे कर्ज, वसियत असेल तर एक तृतीयांशाच्या आत ती, आणि उरेल ते वारसांचे. अमानत तर या हिशोबात धरायचीच नाही. ती मय्यतीची मालमत्ताच नव्हे, दुसऱ्याची आहे. भाईजान म्हणाले, "खालांना वीस हजार देऊन टाकू आणि मोकळे होऊ." बाजींनी विचारले, "खाला आल्या म्हणून त्यांचं कळलं. ज्या आल्या नाहीत त्यांचं काय?" यावर कोणाकडे उत्तर नव्हते. उत्तर माळ्यावर होते, जुन्या चादरीत गुंडाळलेले.

कॉम्प्युटर खाली आणला, धूळ पुसली, बटण दाबले. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. बाजूचे पत्र्याचे झाकण काढल्यावर कारण दिसले. मदरबोर्डवरचे नळकांड्यासारखे छोटे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, दोन तर फुटून तपकिरी चीक बाहेर आलेला. त्या काळातल्या पुष्कळ मदरबोर्डांना हे दुखणे झाले होते. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने बघताक्षणी सांगितले, "हा आता भंगार. डिस्क काढून ठेवून जा, दोन दिवसांनी बघतो." माणूस वाईट नव्हता. पण त्या डिस्कमध्ये हिशोबांबरोबर घरातल्या दोन लग्नांचे फोटो होते, बायका आपापसात बसलेल्या असताना काढलेले. ते दुकानात दोन दिवस ठेवायला कोणाचे मन होईना. डिस्क घेऊन घरी आलो आणि हे काम स्वतःच करायचे ठरवले.

असे मेलेले कॉम्प्युटर घरोघरी माळ्यावर असतात. कॉम्प्युटर मेला म्हणजे डिस्क मेली असे नाही, एवढे एकच आधी लक्षात घ्यावे. हार्ड डिस्क ही आत चार स्क्रूंवर बसवलेली वेगळी वस्तू आहे. अंगठ्याएवढ्या जाडीची, हाताला जड लागणारी डबी. बाकी सगळे जळाले तरी ती शाबूत असू शकते, आणि तुमचे जे काही आहे ते तिच्यातच आहे.

अडचण जोडण्याची असते. आमच्या डिस्कच्या पाठीला दोन ओळींत पिना होत्या आणि तिथे करड्या रंगाची रुंद, चपटी पट्टीसारखी केबल लागत असे. या प्रकाराला आयडीई म्हणतात. पिनांच्या जागा चाळीस, पण मधली एक पिन मुद्दाम काढलेली, म्हणजे केबल उलटी बसू नये. 2003 पासून साटा नावाचा नवा प्रकार आला. त्याला पिना नसतात, इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन अरुंद खाचा असतात. पुढच्या काही वर्षांत आयडीई मागे पडत गेले आणि आजच्या मदरबोर्डवर त्याची जागाच नसते. भाचीच्या शिक्षणासाठी घेतलेला आमचा नवा कॉम्प्युटर तर जेवणाच्या डब्याएवढा आहे. त्यात जुनी डिस्क बसवायला पोकळीदेखील नाही.

यावर उपाय म्हणजे अडॉप्टर. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला डिस्कची पिन. आम्ही घाईघाईने सर्वांत स्वस्त तो मागवला. जोडला. काहीच झाले नाही. दिवा नाही, आवाज नाही. भाईजानांनी डिस्क कानाला लावून पाहिली आणि मान हलवली. त्या संध्याकाळी घरात कोणी फारसे बोलले नाही.

दोष डिस्कचा नव्हता, आमचा होता. डिस्क दोन मापांच्या असतात. लॅपटॉपमधली लहान, अडीच इंची, आणि मोठ्या कॉम्प्युटरमधली साडेतीन इंची. लहान डिस्क यूएसबीतून मिळणाऱ्या पाच व्होल्टवर चालते. मोठीची मोटर फिरायला बारा व्होल्ट लागतात आणि यूएसबीच्या साध्या तोंडातून ते येत नाहीत. त्यासाठी अडॉप्टरबरोबर भिंतीतल्या प्लगात लावायचा वेगळा पॉवर सप्लाय असावा लागतो. दुसरा अडॉप्टर तसा मागवला. साडेनऊशे रुपये पडले. त्यावर आयडीई आणि साटा दोन्हींची तोंडे होती. घ्यायचाच असेल तर असाच घ्यावा, पुढे नातेवाइकांच्याही कामी येतो. आमचा तर मोहल्ल्यात फिरतो आहे.

तरीही डिस्क दिसेना. आता ती फिरत होती, हात ठेवला की बारीक थरथर लागत होती, पण कॉम्प्युटरला तिची ओळख पटत नव्हती. धाकटा भाऊ कुवेतहून व्हिडिओ कॉलवर होता. म्हणाला, "पिनांच्या शेजारी बघा, छोटी टोपी असेल." खरेच होती. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, काळी. तिला जंपर म्हणतात. जुन्या काळी एका केबलवर दोन डिस्क लावत, तेव्हा थोरली कोण आणि धाकटी कोण हे या टोपीच्या जागेवरून ठरे. आमची डिस्क धाकटीच्या जागेवर होती. तिच्यावरच्या लेबलावर छोटा नकाशा छापलेला असतो. तो पाहून भुवयांच्या चिमट्याने टोपी काढली आणि थोरलीच्या जागी बसवली. बाजींचा चिमटा त्यानंतर कुठे गेला ते विचारू नये.

इथे काही गोष्टी ओघात सांगून टाकतो. जोडताना आधी डिस्कला केबल आणि वीज द्यावी, यूएसबी सगळ्यांत शेवटी. पिन जोर लावून बसवू नये. वाकडी झाली तर सुईच्या टोकाने सरळ करता येते, तुटली तर काम वाढते. डिस्कच्या खालच्या बाजूला सर्किट उघडे असते. आमच्या घरात ती कौतुकाने स्टीलच्या ताटात ठेवली होती. नशीब, वीज लावण्याआधी लक्षात आले. लाकडी टेबल किंवा कोरडा पुठ्ठा उत्तम. गादीवर, रजईवर ठेवू नये, तापते. आणि फिरत असताना हलवू तर मुळीच नये. आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेत असतात, आणि वाचणारी सुई त्यांच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. एक धक्का पुरतो.

आवाज ऐकावा. सलग घूं असा येत असेल तर ठीक. टक्-टक्-टक् असा ठरावीक लयीत येत असेल तर ताबडतोब बंद करावे आणि पुन्हा चालू करून बघू नये. सुईला तबकडीवर आपली जागा सापडत नाही आणि ती पुन्हा पुन्हा आपटते, असा त्याचा अर्थ असतो. प्रत्येक प्रयत्नाला थोडे थोडे खरवडले जाते. अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला देणारे भेटतात. ऐकू नये, आत दव धरते. घरी उघडूही नये, धुळीचा एक कण तिला पुरतो. अशा डिस्कचे काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचे आहे आणि ते महाग असते. चिपळूण-महाडकडे जुलै 2021 च्या पुरात ज्यांचे कॉम्प्युटर बुडाले त्यांनाही हेच लागू. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असते, त्यातून पाणी आत शिरलेले असू शकते. वरून वाळली म्हणून वीज लावू नये.

टोपी बदलल्यावर डिस्क दिसली. एक नव्हे, दोन दिसल्या. पूर्वी एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडत, तशा. सी उघडला. डीवर टिचकी मारताच पडद्यावर चौकट आली : ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? भाच्याचा हात माउसवरच होता. बाजी इतक्या मोठ्याने "थांब!" म्हणाल्या की शेजारच्या भाभी खिडकीत आल्या.

फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. कॉम्प्युटरला एखादा भाग वाचता आला नाही की तो हा प्रस्ताव ठेवतो. त्याच्या दृष्टीने न वाचता येणारी पाटी आणि कोरी पाटी यांत फरक नसतो. फरक आपल्याला असतो. असाच दुसरा प्रस्ताव 'इनिशियलाइज' करण्याचा येतो, तिसरा 'स्कॅन करून दुरुस्त' करण्याचा. जुन्या डिस्कच्या बाबतीत तिन्हींना नकार द्यावा. दुरुस्तीसुद्धा डिस्कवर लिहिते, आणि आपल्याला तिच्यावर काहीही लिहायचे नाही, फक्त वाचून घ्यायचे आहे. आम्ही चौकट रद्द केली, सगळे बंद केले, पिन काढून पुन्हा नीट दाबून बसवली आणि यूएसबी मागच्या तोंडात लावली. या खेपेला डी उघडला. पिन सैल होती, एवढेच. त्या चौकटीवर 'हो' म्हटले असते तर खालांचा हिशोब तिथेच संपला असता.

अब्बांच्या विंडोजला पासवर्ड होता आणि तो कोणालाच माहीत नव्हता. त्याची गरज पडली नाही. तो पासवर्ड जुन्या घराच्या दाराचा असतो. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की आपण भिंत ओलांडून थेट आत येतो. अब्बांच्या नावाच्या फोल्डरवर परवानगी नसल्याची सूचना आली, पुढे जाण्याचे बटण दाबले, थोडा वेळ गेला आणि उघडले. आम्हाला सोपे गेले, पण तितकेच ते कोणालाही सोपे जाते. जुना कॉम्प्युटर भंगारात देताना डिस्क आधी काढून ठेवावी. डिलीट केलेले, घाईने फॉरमॅट केलेले पुष्कळसे परत काढता येते.

काहीही उघडून बघत बसण्याआधी नक्कल करायची, हे धाकट्याने बजावले होते. म्हातारी डिस्क आज चालली, उद्या चालेल याची हमी नाही. आधी अब्बांचे फोल्डर, मग फोटो, मग बाकी सगळे. ऐंशी जीबीची डिस्क, त्यातली निम्मी भरलेली. अर्ध्या तासाच्या आसपास लागला. तेवढ्यात चहा झाला, असरची नमाज झाली, आणि पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकताना सगळ्यांनी मिळून बघितली. ईदच्या चांदासाठी बघतो तशी.

मग ती फाइल. नाव इंग्रजी अक्षरांत, अमानत. शेवटची नोंद 2013 ची. त्या वर्षी अब्बांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि त्यांनी नवे पैसे घेणे बंद केले, हे सगळ्यांना आठवत होते. फाइल उघडली. आकडे स्वच्छ दिसत होते. तारखा दिसत होत्या. नावांच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी. एवीसशे चाळीस रुपये कोणाचे, ते वाचता येत नव्हते. भाईजान म्हणाले, "डिस्क खराब झाली." डिस्क खराब नव्हती.

अब्बा कृतीदेव फॉन्टमध्ये लिहीत. त्या काळी मराठी टाइप करण्याचे हे असले अनेक फॉन्ट होते. त्यांची युक्ती अशी की इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. डीच्या जागी क, वायच्या जागी ल, ईच्या जागी म. माणसाला 'कलम' दिसते, कॉम्प्युटरच्या पोटात मात्र डी-वाय-ई एवढेच असते. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर चित्र नाहीसे होते आणि खालचे इंग्रजी उघडे पडते. आजचे युनिकोड मराठी तसे नाही. त्यात क हा क म्हणूनच साठवलेला असतो. उर्दूत इनपेजमध्ये लिहिलेल्या जुन्या फाइलींचीही साधारण अशीच गत होते, साध्या लिखाणाच्या प्रोग्राममध्ये त्या उघडत नाहीत. ज्यांच्या घरी वडिलांचे लिखाण किंवा मदरशाचे कागद अशा रूपात पडले असतील त्यांनी हे ध्यानात ठेवावे. मजकूर हरवलेला नसतो, त्याची चावी हरवलेली असते.

आणि चावी डिस्कमध्येच होती. सी भागात विंडोजच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचे फोल्डर असते. म्हणूनच फक्त अब्बांचे फोल्डर न घेता सगळ्याची नक्कल केली ते बरे झाले. त्यातून कृतीदेवची फाइल उचलली, नव्या कॉम्प्युटरवर दोनदा टिचकी मारून बसवली, हिशोबाची फाइल बंद करून पुन्हा उघडली. पहिल्याच ओळीत अब्बांचे अक्षर नव्हते, पण अब्बांची भाषा होती : 'बिस्मिल्लाह. हे पैसे माझे नाहीत.'

बाजी उठून आत गेल्या.

त्याच रात्री सगळी पाने कागदावर छापून घेतली. फाइलची एक नक्कल भाईजानांकडे, एक कुवेतला. नावे युनिकोडमध्ये भाच्याने पुन्हा टाइप केली, म्हणजे पुढच्या वेळी फॉन्ट शोधायला लागू नये. जुनी डिस्क प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात, बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, कपाटात ठेवली आहे. कोकणच्या हवेचा भरवसा नाही.

जाता जाता एक गोष्ट, जिची आम्हाला या सगळ्यानंतर धास्ती बसली. अब्बांची डिस्क अडॉप्टरने उघडली, कारण ती 2005 ची होती. आजच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. लॅपटॉप बिघडला आणि डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागते. ती किल्ली बहुतेकदा लॅपटॉप ज्याच्या नावे चालू केला त्याच्या खात्यात जपलेली असते. तो माणूसच नसेल आणि खात्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक नसेल तर कोणतीही केबल, कोणताही दुरुस्तीवाला कामाचा नाही. आम्ही आमची किल्ली कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवली. भाईजानांना तसे सांगितले तर म्हणाले, "माझ्यात काय आहे असं?" दुसऱ्या दिवशी त्यांचीही पिशवीत दिसली.

शुक्रवारी खालांना बोलावले. त्यांचे पान भाईजानांनी वाचून दाखवले. दोनशे, दीडशे, पाचशे, मधे एकदा चार हजार परत नेलेले. शिल्लक एकवीस हजार तीनशे पन्नास.

"एवढे कुठले?" खाला म्हणाल्या. "माझे अठराच होते."

भाईजान पुन्हा वरून वाचू लागले, तारखेसकट. खाला डोळे मिटून ऐकत होत्या. 2008 सालच्या एका नोंदीवर त्यांनी हात वर केला. "थांब. हे अडीच हजार. ही बकरी विकली होती ती. काळी होती. विसरलेच होते मी." पाकीट त्यांनी घेतले, मोजले नाही.

फाइलमध्ये बहुतेक पानांच्या तळाशी 'पोहोचले' असे लिहून तारीख घातलेली आहे. सात पानांवर ते नाही. खालांचे आता झाले. चौघींचे घर सापडले, त्यातल्या दोघींच्या मुलांना पैसे पोचवले. एक जण मुंब्र्याला गेल्याचे कळते. आणि एका पानावर नुसते 'पेठेतल्या मामी' असे आहे, तीन हजार दोनशे. पेठेत कोणाच्या मामी, ते अब्बांना लिहायची गरज वाटली नसेल. बाजी दर शुक्रवारी पेठेत जातात आणि एकेका घरी विचारतात.